पितरांच्या वाटीतला रस

मी भित्री आहे. लोकांना वाटतं मी तापट आहे, आणि घरात माझ्या आवाजाला सगळे टरकून असतात हेही खरं. पण माझा आवाज चढला की समजावं, आत कुठेतरी माझी पाचावर धारण बसलेली आहे. गेली काही वर्षं मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रसाच्या ग्लासाची. हसू नका. ज्या घरात एका माणसाचा पाय तुकड्यातुकड्यांनी गेला, त्या घराला विचारा.

तो माणूस म्हणजे माझे काका, आबांचे धाकटे भाऊ. वडिलांना आम्ही आबा म्हणतो आणि आईला माय. काकांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. रनाळ्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत ते राहायचे. आबा एसटीत ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. त्यामुळे मला आणि माझ्या भावाला खांद्यावर घेऊन गावभर फिरवणारे, शाळेत सोडणारे, ताप आला की उशाशी बसणारे काकाच. भावाला तर काकांच्या ताटातल्याशिवाय घास उतरायचा नाही.

काका नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारीवर कामाला होते. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची पसरलेली. नवखा माणूस तिथे उभा राहिला तरी खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढतो. दिवसभर त्या खकाण्यात राहून काकांचा घसा पेटायचा, आणि घरी येताना स्टँडजवळ थांबून ते मोसंबीचा रस प्यायचे. मोसंबी नसली तर उसाचा, तोही नसला तर आंब्याचा. साखरेचा आजार निघाला तेव्हा त्यांनी चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचे. आणि रस मात्र वाढवला. माय कधी बोललीच, तर म्हणायचे, "मी काय साखर खाई ऱ्हायनू? फळ शे ते."

आम्हालाही ते पटायचं. फळ चांगलं हे तर पुस्तकात लिहिलेलं आहे, मीच वर्गात मुलांना सांगते. मग फळाचा रस वाईट कसा असेल? शिवाय आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. ज्याला फारच जीव लावायचा त्याच्यासाठी रसाचा मोठा खोका. काकांच्या खाटेखाली ते खोके ओळीने लागलेले असायचे आणि आम्ही म्हणायचो, बघा, माणसं किती जोडलीत.

मग पायाला जखम झाली. छोटीशीच, अंगठ्याजवळ, चप्पल घासून. मिरचीत वावरणाऱ्या माणसाची जखम खरं तर आग आग व्हायला हवी. काका म्हणाले, काहीच झोंबत नाही. आणि आम्हाला ते ऐकून बरं वाटलं होतं. झोंबत नाही म्हणजे जखम किरकोळ आहे असं आम्ही धरून चाललो. पायातली जाणीवच गेली आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, तोवर अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा काढला. मग घोट्यापर्यंत. मग गुडघ्याखालून. हिवाळ्यात एका सकाळी माय चहा घेऊन मागच्या खोलीत गेली आणि कप तसाच परत घेऊन आली.

डॉक्टर पुढे मला म्हणाले की दोष एकट्या रसाचा नाही. बिडी होती, गोळ्या चुकत होत्या, जखम अंगावर काढली. असेल. माझ्या मनाने मात्र रसाचा ग्लासच धरून ठेवला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर ताकाचं भांडंच दूर लोटायला लागले.

कारण तोच आजार आबांनाही होता. आधी गोळ्या होत्या, मग इंजेक्शन लागलं, जेवणाआधी पोटावर घ्यायचं. काका गेल्यावर महिन्याभरातच मी नवापूरहून माहेरी निघाले होते. माझं सासर आणि शाळा दोन्ही नवापूरला. विसरवाडीला गाडी बदलून नंदुरबारला उतरले आणि समोर बघते तर काय, आबा. काका थांबायचे त्याच रसाच्या गाड्यापाशी, हातात मोसंबीचा ग्लास, मिशीला फेस. मला बघून लहान पोरासारखे खूश झाले आणि माझ्यासाठीही एक सांगायला लागले.

माझं डोकं फिरलं. भर स्टँडवर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. रसवाला बिचारा मशीन थांबवून बघत राहिला. आबा मलाही लाडाने माय म्हणतात. त्यांनी तेवढंच म्हटलं, "साखर मी कव्हयच सोडी दिन्ही, माय. आते फळबी सोडू का?" अगदी काकांचंच बोलणं. मी त्यांना हाताला धरून तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सांगितलं की फळ बंद करू नका, उलट चावून खा. पेरू, सफरचंद, मोसंबी सोलून, थोडं थोडं. फळातली साखर चोथ्यात अडकलेली असते, चावताना आणि पोटात हळूहळू सुटते, आणि चोथ्याने पोटही भरतं. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि साखर सगळी ग्लासात येते. वरून चमचाभर साखर घातली नाही तरीही. चावणं नाही, पोट भरणं नाही, दोन घोटांत सगळी रक्तात. जीवनसत्त्वं रसात असतात, नाही असं नाही, पण तुमच्यासाठी तो सौदा महाग आहे, असं ते म्हणाले.

आबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मग त्यांच्या हिशेबाने लावून घेतलं. म्हणाले, म्हणजे फळ ही साधी गाडी, गावोगाव थांबत येणारी, आणि रस म्हणजे विनाथांबा. डॉक्टर हसले, म्हणाले, अगदी बरोबर. आबांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मला हसू आलं नाही. सरळ काका गेले त्या गावाला जाणारी विनाथांबा गाडी, एवढंच माझ्या मनात आलं.

येताना मी पिशवीभर मोसंबी घेतली. घरी आल्यावर एका ग्लासाला लागतील तेवढी सोलली, ताटात आबांपुढे ठेवली आणि म्हटलं, खा. दोन खाल्ली, तिसरं निम्मं खाल्लं आणि ताट सरकवलं. पोट भरलं म्हणाले, दाढ दुखली म्हणाले. मग ग्लासभर प्यायला कसं जातं, असं मी विचारलं. त्या दिवसापासून त्यांनी स्टँडवरचा गाडा सोडला. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. पाहुण्यांनी आणलेले खोके शेजाऱ्यांना वाटून टाकले. साखरेचा डबा घासून त्यात शेंगदाणे भरले. सरबताची बाटली, मधाची बाटली, सगळं हद्दपार. रोज सकाळी फोन करून साखरेचा आकडा विचारायचा आणि फोन उचलायला उशीर झाला की लागोपाठ लावत सुटायचं. नवरा म्हणायचा, तू आबांना जपतेस की धरून ठेवतेस? मी त्याच्यावर ओरडायचे. फोन वाजला की वाटायचं, आता पायाचं सांगणार.

मग आखाजी आली.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जे महत्त्व, ते दिवाळीला नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा. दुपारी मांडे आणि आमरस करून चुलीतल्या निखाऱ्यांवर तुपासह घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. आगारी होईपर्यंत घरातल्या कर्त्याने पाण्याशिवाय तोंडात काही घ्यायचं नाही. आधी पितर, मग आपण. ज्याला जाऊन वर्ष व्हायचंय त्याची ती पहिली घागर, तिला तर फारच जपतात. त्या वर्षी पहिली घागर काकांची होती.

मी आदल्या दिवशीच आले आणि आल्या आल्या जाहीर केलं की या घरात रस होणार नाही. आंबा खायचा तर फोडी, त्याही मोजक्या. माय काही बोलली नाही. तिची ही सवय मला माहीत असायला हवी होती. ती भांडत नाही, करायचं ते करते. सकाळी तिने चुलीवर खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, पालथं चढवलं, गूळ होता नव्हता तेवढा पुरणात घातला आणि मांडे करायला बसली. मी आंब्याच्या फोडी करून ताटात मांडून ठेवल्या.

भाऊ सुरतेला कामाला. तो पहाटे गाडी घेऊन निघाला होता आणि आबांनी ठरवून ठेवलं होतं की काकांच्या नावाचा पहिला घास त्याच्याच हातून पडेल. काकांनीच त्याला वाढवलेलं, ते योग्यच होतं. पण विसरवाडीला ट्रक आडवा झाला आणि रस्ता तुंबला. भावाचा फोन आला, अर्ध्या तासात निघू. मग परत फोन, अजून थोडं. आबा म्हणाले, येऊ दे सावकाश, थांबू.

इथे एक गोष्ट घडली, ती आम्हाला कुणालाच दिसली नाही. आबांचं सगळं आयुष्य टायमावर गेलेलं. स्टँडवर प्रवासी असोत नसोत, वेळ झाली की गाडी हलली पाहिजे. इंजेक्शनची वेळही त्यांना तशीच पाठ. रोजची जेवणाची वेळ जवळ आली तशी ते आतल्या खोलीत गेले, नेहमीसारखं पोटावर इंजेक्शन घेतलं आणि ओट्यावर येऊन भावाची वाट बघत बसले. औषध वेळेवर झालं, यात आपलं काही चुकतंय हे त्यांच्या मनातही आलं नाही. जेवण मात्र पितरांच्या मागे रांगेत होतं आणि पितर विसरवाडीच्या जाममध्ये अडकलेले.

ऊन चढत गेलं. मी शेजारच्या झोक्यापाशी बायकांशी बोलत होते. परत आले तर आबा खांबाला टेकून बसले होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. उन्हाने असेल म्हणून मी पंखा त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग म्हणाले, "बेल दे ना. कव्हयनी गाडी उभी शे."

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांचे हात दिसले. मांडीवर दोन्ही हात थरथरत होते, स्टिअरिंग धरल्यासारखे. कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात लावला तर कपाळ थंडगार. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. काकांच्या पायाच्या वेळी भीती हळूहळू आली, तिला बसायला जागा करून देता आली. ही एकदम छातीवर येऊन बसली. मायला हाक मारली, ती चुलीपुढून उठून आली.

साखर तपासायचं यंत्र आणलं, बोट टोचलं. आकडा बघितला. काका गेल्यापासून मी मोठ्या आकड्याला भीत आले होते. हा इतका छोटा होता की यंत्र बिघडलं असं वाटलं. डॉक्टरांना फोन लावला. ते पहिल्यांदा एवढंच म्हणाले, इंजेक्शन घेतलंय का, जेवलेत का? मायने आत जाऊन वापरलेली सुई बघितली आणि मला समजलं, इंजेक्शन साखर उतरवत होतं आणि पोट रिकामं होतं. डॉक्टर म्हणाले, शुद्ध आहे ना, गिळता येतंय ना, तर आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड द्या, पटकन रक्तात जाईल असं. साखरेचं पाणी, नाहीतर रस.

रस. माझ्याच घरात. साखरेच्या डब्यात शेंगदाणे, गूळ पुरणात, खोके शेजाऱ्यांकडे. मी ताटातली आंब्याची फोड उचलून आबांच्या तोंडात घातली. चावा आबा, चावा. त्यांनी ती गालात धरून ठेवली. जबडा हलेना. घशात अडकेल या भीतीने मी बोट घालून ती बाहेर काढली. त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. जिच्यावर माझा एवढा भरवसा होता ती साधी गाडी आता कामाची नव्हती. मांडा चारायला वेळ नव्हता. शेजारी पळत जाऊन साखर आणायची म्हणजे आबांना सोडून उठायचं, ते मला जमेना.

माय घागरीपाशी गेली. घागरीमागे भिंतीला लागून पळसाच्या पानाखाली एक वाटी झाकलेली होती. तिने पान बाजूला केलं. आमरस. माझ्या नकळत, मी आंघोळीला गेले होते तेव्हा, तिने दोन आंबे पिळून ठेवले होते. काकांसाठी. पहिल्या घागरीला त्यांच्या पुढे फोडी कशा ठेवायच्या, असं तिला वाटलं होतं.

वाटी घेऊन ती आली आणि माझ्यापुढे धरली. मी घेईना. कितीही शिकले, वर्गात विज्ञान शिकवते, तरी माझा हात पुढे जाईना. पितरांसाठी झाकून ठेवलेलं, आगारी व्हायच्या आधी, जिवंत माणसाच्या तोंडी. लहानपणी आम्ही घागरीजवळच्या आंब्याला बोट लावलं तर काकाच हातावर चापट द्यायचे. आणि वर तो रस. ज्याने काका नेले असं मी धरून बसले होते, तोच मी आपल्या हाताने आबांच्या ओठाला लावायचा.

माय म्हणाली, "पितर थांबतीन. आधी यास्ले दे."

मी चमच्याने थोडा थोडा रस ओठांतून आत सोडला. पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसऱ्याला घसा हलला. एक घोट खाली उतरला की मगच पुढचा चमचा. माय मागून त्यांचं डोकं सरळ धरून बसली होती आणि पुटपुटत होती. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं, पण नंतर कान दिला तर ती काकांशी बोलत होती. सांभाळून घ्या म्हणत होती.

वाटी संपली. काही वेळ काहीच झालं नाही. मी पुन्हा पुन्हा त्यांच्या कपाळाला हात लावत होते. मग हातांची थरथर कमी झाली, आणि मग आबांनी डोळे उघडून मायकडे बघितलं आणि पोरगा आला का म्हणून विचारलं. मी तिथेच ओट्यावर बसून रडले. डॉक्टर अजून फोनवरच होते हे मी विसरूनच गेले होते. ते म्हणाले, रस जसा धावत येतो तसा लवकर उतरतोही, आता नुसतं बसवू नका, जेवायला घाला, आणि पुन्हा बोट टोचून बघा. मायने मांड्याचा तुकडा दुधात कुस्करला आणि आबांनी तो न कुरकुरता खाल्ला. आगारीआधी. पितरांचा नेम एकदा मोडलाच होता.

भाऊ आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो दारातच खाली बसला. आबा मात्र आता ताळ्यावर होते आणि आगारीचं काय, एवढंच विचारत होते. घागरीमागे रिकामी वाटी पडली होती. ती कुणाची आणि ती कोण प्यायलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पण आबांनी वाटीकडे बघितलं, मग पळसाच्या पानाकडे, आणि तोंडावरून हात फिरवला.

मी उठले. हात धुतले, वाटी घासून घेतली, टोपलीतला एक आंबा घेतला, तळव्यात चोळून मऊ केला आणि काकांच्या वाटीत पिळायला लागले. काका गेल्यापासून मी या घरात रस काढला नव्हता. बोटांवरून रस ओघळत होता. एका आंब्याने वाटी निम्मीच भरली आणि सवयीने मी तिथेच थांबले.

आबा खाटेवरून बघत होते. त्यांच्यासमोर मी आंब्याच्या दोन फोडी ठेवल्या होत्या, मोजून, जेवणाबरोबर. ते म्हणाले, "पुरी वाटी भर, माय. त्याले आते कसानी साखर?"

मी दुसरा आंबा घेतला.